"सॉरी म्हण", "इट्स ओके म्हण": आमच्या घरातलं क्षमेचं नाटक बंद केलं त्याची गोष्ट

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात धाकट्याने थोरलीच्या चित्रावर पाण्याचा पेला उपडा केला. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, स्पर्धेसाठी ती चार दिवस ते रंगवत होती. मी नेहमीसारखी धावले. "सॉरी म्हण तिला." त्याने लगेच सूर लावला, "सॉऽऽरी," आणि गाड्या खेळायला पळाला. मग मी तिच्याकडे वळले. "आता तू इट्स ओके म्हण." ती आठ वर्षांची. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "पण ओके नाहीये ना."

मला काही उत्तर सुचलं नाही.

क्षमा मुलांना हातांनी शिकवायची म्हणून मी त्याआधी नेटवरचे सगळे उपक्रम करून बसले होते. कागदावर पाप लिहा, पाण्यात विरघळवा. व्हिनेगरमध्ये सोडा घाला, फेस येतो, डाग जातो. बशीत पाणी, त्यावर मिरपूड, बोटाला साबण लावून मध्ये टेकवा, मिरपूड कडेला पळते: तसं प्रभू आपलं पाप दूर करतो. पाच वर्षांच्या चिरंजीवांनी हा प्रयोग इतक्या वेळा केला की घरातली मिरपूड संपली. आठवड्याने त्याला विचारलं, क्षमा म्हणजे काय रे? म्हणाला, "मिरपूड पळते."

चूक त्याची नाही. आपणच क्षमेची जादू करून दाखवतो. चुटकीसरशी डाग गायब, कुणाला काही तोशीस नाही. घरात मात्र चित्र भिजलेलंच असतं आणि ते कुणाचं तरी असतं.

वाट सापडली ती रोजच्या प्रभूच्या प्रार्थनेत. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातल्या या प्रार्थनेत 'अपराध' हा शब्दच नाही. तिथे आहे, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' हे मी लहानपणापासून उपासनेत घडाघडा म्हणत आलेय, पण थोरलीने "ऋण म्हणजे?" विचारेपर्यंत त्यावर थांबले नव्हते. म्हटलं, उधारी. आजीच्या गावी वाणीकाका वहीत लिहून ठेवायचे ना, ती. "मग सोडली तर काकांचे पैसे गेले?" गेले. "म्हणजे काकांनाच भुर्दंड?"

हो बाई, काकांनाच. हे तिला जेवढ्या चटकन कळलं तेवढं मला किती तरी प्रवचनं ऐकून कळलं नव्हतं. सोडून दिलेलं ऋण नाहीसं होत नाही, ते सोडणारा आपल्या अंगावर घेतो.

म्हणून आम्ही उधारीची वही घातली. जुनी शंभर पानी वही आणि नगरहून आणलेले बरणीभर चिंचोके. नियम साधे. ज्याचं नुकसान झालं त्याने आकडा सांगायचा. ज्याने केलं त्याने काम करून फेडायचं: पाण्याच्या बाटल्या भरल्या, चपला लावल्या, की बरणीतला एक चिंचोका समोरच्याच्या डब्यात. आणि ज्याचं येणं आहे त्याला वाटलं तर, तेव्हाच, त्याने पानावर काट मारायची. मारली की तेवढे चिंचोके त्याच्या डब्यात कधीच येणार नाहीत. आईबाबांनी "मार ना गं काट" म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम पाळताना माझी जीभ किती वेळा चावून झाली ते माझं मला माहीत.

चित्राचे तिने साठ लावले. मला जास्त वाटले, पण चित्र माझं नव्हतं.

मग मत्तय अठरामधली निर्दय चाकराची गोष्ट चिंचोक्यांनी सांगितली: राजा चाकराचं भलंमोठं कर्ज सोडतो, आणि तोच चाकर आपल्या सोबत्याचं देणं मात्र सोडत नाही. हिला खरं तर कीर्तनाची ऐट हवी. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनात अशी गोष्ट काय रंगते! आमच्याकडे टाळ नव्हते, ताट होतं. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. सोबत्याचं देणं शंभर दिनार. शंभर चिंचोके मोजून वाटीत टाकले. धाकट्याचं बोट दुखलं मोजून. आता राजाचं येणं: दहा हजार तालांत, आणि एका तालांताचे सहा हजार दिनार. सहा कोटी. अशा सहा लाख वाट्या. "आपल्या बिल्डिंगमध्ये मावतील?" यावर दोघांचा बराच वेळ वाद झाला.

यातली एक गोष्ट मला स्वतःला त्या ताटाशी बसल्यावरच दिसली. शंभर दिनार ही चिल्लर नव्हे. तीन महिन्यांहून जास्त दिवसांची मजुरी आहे ती. आपण गोष्ट सांगताना 'एवढंसं कर्ज' म्हणून ती वाटी लहान करतो आणि मुलांना नकळत शिकवतो की तुझं दुखणं काहीच नाही, सोड. प्रभूने वाटी लहान केलेली नाही. भरलेली वाटी समोर ठेवूनच तो सोड म्हणतो.

भावाला कितीदा क्षमा करायची, या शिष्य पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने दिलेलं उत्तर, साताच्या सत्तर वेळा, हेही सांगितलं. चूकच झाली. थोरलीने लगेच गुणाकार केला, 490, आणि पुढचे दोन दिवस "आता 488 उरले हं तुझे" चाललं होतं.

वहीत माझंही पान आहे. ऑफिसचा राग धाकट्यावर काढला होता, न केलेल्या गोष्टीबद्दल ओरडले होते. त्याने 'आई 15' असं उलट्या पाचने लिहिलं. तीन चिंचोके फेडून झाले आणि त्याने काट मारली, वर विचारलं, "आता आईस्क्रीम?" काहींना क्षमा सोपी जाते.

आता एक कडू गोष्ट, कारण ती न सांगता हा विषय मला लिहिता येत नाही. आपल्या समाजात "ख्रिस्ती आहेस ना, मग माफ कर" हे वाक्य तोंड बंद करायला फार वापरलं जातं. सुनांवर वापरलं जातं, आणि लहानांवरही, जेव्हा दुखावणारा मोठा असतो, घरचा असतो. त्याच अठराव्या अध्यायात लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवण्याची भाषा आहे, आणि भावाने अपराध केला तर जाऊन त्याचा दोष त्याला दाखव असंही आहे. तो भाग आपण पोरांना वाचून दाखवत नाही. माझ्या मुलांना मी स्वच्छ सांगितलंय: मोठ्या माणसाने त्रास दिला तर ते वहीत लिहायचं नाही, आधी येऊन मला सांगायचं. माफ करणं म्हणजे लपवणं नव्हे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी गच्चीवर शेगडी पेटवली. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकत उभा असतो आणि येशूला ओळखत नाही म्हणतो तेव्हा, आणि एकदा समुद्रकाठी, जिथे पुन्हा उठलेला प्रभू स्वतः मासळी भाजून ठेवतो. आधी नुसता विस्तव केला, पहिली गोष्ट सांगितली, तीन नकारांना तीन कोळसे टाकले. मग त्याच विस्तवावर बांगडे लावले. धूर डोळ्यांत गेला, वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावून गेल्या, एक बांगडा जळला. पण मुलांना वासासकट कळलं की पेत्राला तो धूर नाकात जाताच काय आठवलं असेल. प्रभू त्याला 'जाऊ दे रे' म्हणत नाही. आधी न्याहारी देतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि दर वेळी मेंढरं सोपवतो. थोरली काटे काढता काढता म्हणाली, "सॉरी तर म्हणालाच नाही पेत्र." खरंच, त्या अध्यायात कुठे नाही.

आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे. क्षमा फुकट असते, तुम्ही तिला रोजगार हमी करून टाकलीत म्हणतात. मुद्दा अगदीच खोटा नाही. कृपा कमावता येत नाही हे मलाही मान्य. पण फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती किती महाग पडते ते कळावं म्हणून तो रिकामा राहणारा डबा मला हवाय. आणि हो, येशू घरी आला तेव्हा जक्कय या जकातदाराने लोकांचं लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं, तेही कुणी न सांगता.

चित्राच्या साठांपैकी धाकट्याने पहिल्या आठवड्यात अकरा फेडले, मग उत्साह मावळला. एकूण सतरावर गाडी अडली. पान कित्येक दिवस तसंच होतं. परवा रात्री प्रार्थनेनंतर थोरली उठली, वही काढली, पेन्सिलीने काहीतरी केलं आणि झोपायला गेली. मी नंतर पाहिलं. 43 खोडून तिथे 10 लिहिले होते.

सकाळी विचारलं, दहा का गं ठेवलेस?

"तेवढे अजून दुखतंय."

धाकटा तेव्हा बाटल्या भरत होता.