वस्ताद मेला तर मरू दे की

सकाळपासून डोकं फिरलंय. आपल्याच कोल्हापुरातलं एक पोरगं, आर्ट कॉलेजला शिकतंय, इन्स्टाग्रामवर कुस्तीची कॉमिक काढतंय. तालीम, मातीचा हौदा, खुराक, खासबागेतली पहिली कुस्ती, सगळं इथलं. काल सातव्या भागात त्यानं वस्तादाला मारलं. आज कमेंटमध्ये आईबहिणीवरनं शिव्या. एकजण तर घर कुठाय म्हणून विचारतोय. आणि दुपारी पोरानं स्टोरी टाकली: 'सॉरी, पुढच्या भागात वस्ताद शुद्धीवर येतील.'

तिथं माझं टाळकं सरकलं. शिव्या देणाऱ्यांवर तर आहेच, त्या पोरावर पण.

अरे, वाचकांना विचारून गोष्ट चालवायचा प्रयोग झालाय की! १९८८. बॅटमॅनचा जोडीदार म्हणजे रॉबिन. त्यातला दुसरा, जेसन टॉड, लोकांना आवडत नव्हता. अंक ४२७ मध्ये दोन फोन नंबर छापले, एक जगवायला, एक मारायला. एका फोनला ५० सेंट, मुदत ३६ तास. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. संपादक डेनिस ओ'नील नंतर सांगायचे की म्हणे एकाच माणसानं कॉम्प्युटर लावून सारखा तोच नंबर फिरवला. ऐकीव गोष्ट, पण फरक बहात्तरचा असल्यावर तेवढं पुरतं. चित्रकार जिम अपारोला दोन्ही शेवट काढून ठेवावे लागले होते. आणि एवढं सगळं करून २००५ साली जेसन परत! कारण काय, तर सुपरबॉय-प्राइम नावाच्या दुसऱ्याच पात्रानं वास्तवाच्या भिंतीवर ठोसा मारला. म्हणजे वाचकांनी मत दिलं, ते पण टिकलं नाही.

मरण टिकतं कुठं ते बघायचं असेल तर अमेझिंग स्पायडरमॅन अंक १२१ काढा, जून १९७३. ग्वेन स्टेसी, स्पायडरमॅनची मैत्रीण. लेखक जेरी कॉनवेनं कथेचं नाव पहिल्या पानावर ठेवलंच नाही, कारण नावातच मरण होतं. ते आलं शेवटच्या पानावर. पुलावरून पडणाऱ्या ग्वेनला स्पायडी जाळ्यानं धरतो आणि मानेजवळ बारीक अक्षरात एकच आवाज लिहिलाय: 'स्नॅप'. पुढे अंक १२५ च्या पत्रांच्या पानावर मार्व्हलनं सरळ कबूल केलं की जाळ्याचा झटकाच तिला लागला. वाचक कॉनवेवर तुटून पडले होते. पण ते पान कुणी पुसलं नाही. क्लोन आणले, दुसऱ्या विश्वातली ग्वेन आणली, तो पूल मात्र तसाच राहिला.

आता त्या पोराचं बघू. वस्तादाचं मरण त्यानं कुठं ठेवलं? पहिल्या स्लाइडवर! अरे मर्दा, पहिली स्लाइड फीडमध्ये सगळ्यांना दिसते, प्रोफाइलच्या चौकटीत कायम दिसते. सहावा भाग न वाचलेल्याला पण कळलं. छापील अंकात पान एक उजवीकडं असतं, म्हणून धक्का सम पानावर ठेवायचा, पान उलटल्याशिवाय दिसत नाही. विषम पानावर ठेवला तर डोळा आधीच तिकडं पळतो. इन्स्टावर उलटायचं पान म्हणजे स्वाइप. धक्का आठव्या-नवव्या स्लाइडवर, त्याच्या आधी एक स्लाइड विनासंवाद, रिकामा हौदा. आणि मरताना वस्ताद चाळीस शब्दांचा फुगा बोलतोय. पंचवीसच्या पुढं गेलं की फुगा चेहरा गिळतो. लोकांचा अर्धा राग ह्याच्यामुळं आहे, पण त्यांना ते सांगता येत नाही. मग ते म्हणतात, 'मारायला नको होतं.'

हां, वाचकाचा राग खोटा नसतो, मान्य. पैसे आणि वर्षं त्यानं घातलेली असतात. पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि मेरी जेनचं लग्न १९८७ साली झालं. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, मेफिस्टो नावाच्या सैतानाबरोबर सौदा करून ते पुसून टाकलं, पीटरच्या आंट मेला, म्हणजे काकूला, वाचवायला म्हणून. लेखक स्ट्रॅझिन्स्की स्वतः शेवटच्या दोन अंकांवरनं आपलं नाव काढा म्हणत होता. तिथं लोक भडकले ते बरोबरच. वीस वर्षांचे अंक ज्यानं जपले त्याला सांगितलं की हे घडलंच नाही.

पण भडकणं वेगळं आणि २०१२ ला स्पायडरमॅनच्या अंक ७०० नंतर लेखक डॅन स्लॉटला जिवे मारायच्या धमक्या आल्या ते वेगळं. त्यात मला काही समजून घ्यायचं नाही. सातव्या भागाखाली घर विचारणारा तू पण त्यातलाच.

शिवाय ओरडून होणार काय? महिन्याचा अंक वीस-बावीस पानांचा. पेन्सिल करणारा दिवसाला एखादं पान काढतो, म्हणजे महिना तिथंच गेला. मग शाई, रंग, अक्षरं. तुमच्या हातात अंक पडतो तेव्हा पुढचा बहुतेक छपाईच्या वाटेवर असतो आणि त्याच्या पुढचा टेबलावर. अमेरिकेतले दुकानदार विक्रीच्या काही आठवडे आधी शेवटची ऑर्डर पक्की करतात आणि न खपलेले अंक सहसा परत जात नाहीत. म्हणून दुकानदार ऑर्डर कमी करतो तेव्हा प्रकाशकाला कळतं. जपानात 'शोनेन जंप' ह्या कॉमिकच्या साप्ताहिकात तर मतांचं पोस्टकार्डच असतं, आवडलेल्या मालिका लिहून पाठवायच्या. सतत खाली राहिली तर मालिका बंद. निर्दयी आहे, पण तिथं वाचक 'ही नको' एवढंच सांगतो, 'असं लिही' सांगत नाही.

राग जरा उतरलाय आता. पोरगं वीस-एकवीसचं असेल, एवढ्या शिव्या एका दिवसात कुणाला पचतील. त्याला मेसेज केलाय: स्टोरी काढ, वस्तादाला उठवू नकोस. पहिली स्लाइड बदलायला भाग पुन्हा टाकावा लागला तर टाक, कमेंट जातील त्या जाऊ दे. आठवा भाग तालमीतच ठेव. पोरं माती उकरतायत, कुणी बोलत नाही, आणि शड्डू पहिल्यांदा कोण ठोकणार ह्यावर अख्खा भाग काढ.

ज्यांना तरीपण नाही आवडलं त्यांनी अनफॉलो करा. आणि जेसनवर भांडायचं असेल तर या खाली, मी जागा आहे.