जायंट्सच्या 'सम वर्षां'ची भाकडकथा

आयपीएल तोंडावर आलं की एक संदेश हमखास फिरायला लागतो. मुंबई इंडियन्सने २०१३, २०१५, २०१७, २०१९ अशी विषम वर्षांत जेतेपदं घेतली, आणि तिकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने २०१०, २०१२, २०१४ अशी सम वर्षांत. म्हणजे ज्याला त्याला आपापला अंक 'लाभतो'! मुंबईपुरता याचा निकाल २०२०मध्येच लागला. ऐन सम वर्षी, अमिरातीत जाऊन त्यांनी पाचवं जेतेपद मिळवलं. त्यामुळे हल्ली संदेशाचा सगळा भार जायंट्सवर असतो.

संदेशात थोडक्यात चार गोष्टी म्हटलेल्या असतात. सम वर्ष आलं की जायंट्स जिंकायचेच. विषम वर्षी जेतेपदाच्या धुंदीत ते सुस्तावायचे. संघ तसा सुमारच होता, सगळी नशिबाची कृपा. आणि २०१६मध्ये नशीब फिरलं, खेळ खलास.

ही समजूत मुळात तिथल्याच चाहत्यांची. त्यांनी 'बिलीव्हन' (बिलीव्ह, म्हणजे विश्वास, अधिक ईव्हन, म्हणजे सम) असा हॅशटॅगही चालवला होता. त्यांच्यासाठी ती गंमत होती. आपल्याकडे पोचेपर्यंत तिला अंकशास्त्राचा टिळा लागला. बरं, अंकशास्त्रच काढायचं तर ते तरी नीट काढा. २०१०च्या अंकांची बेरीज ३, २०१२ची ५, २०१४ची ७. तिन्ही विषम! असो.

आधी दशकाचा हिशेब समोर ठेवू. अमेरिकेतला संघ हंगामात १६२ सामने खेळतो, आणि त्यातून वर आलेले मोजके संघ ऑक्टोबरमध्ये बाद फेऱ्या खेळतात. २०१० ते २०१९ या दहा हंगामांत जायंट्सचे विजय अनुक्रमे असे: ९२, ८६, ९४, ७६, ८८, ८४, ८७, ६४, ७३, ७७. एकूण १,६२० सामन्यांत ८२१ विजय आणि ७९९ पराभव. निम्म्याच्या जेमतेम वर असलेल्या या संघाच्या नावावर त्याच दशकात तीन वर्ल्ड सिरीज (तिथली अजिंक्यपदाची अंतिम मालिका) आहेत. कुतूहल वाटावं असं ते हे. त्यात सम-विषम शोधणं म्हणजे प्रश्न सोडून भलतंच उत्तर देणं.

"सम वर्ष आलं की जिंकायचेच"

दहापैकी पाच वर्षं सम. त्यातल्या तिनांत जेतेपद, २०१६मध्ये दुसऱ्याच टप्प्यावर गच्छंती, २०१८मध्ये ८९ पराभव. पाचांत तीन, याला 'जिंकायचेच' म्हणत नाहीत.

जरा मागे जाऊ. हा संघ १९५८मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला आला. तेव्हापासून २००८पर्यंत २६ सम वर्षं आली नि गेली. १९९४मध्ये संपामुळे वर्ल्ड सिरीज झालीच नाही, ते सोडलं तरी २५. त्यात जेतेपद एकही नाही. १९६२ आणि २००२मध्ये तर सातव्या, शेवटच्या सामन्यात हार. २००२च्या सहाव्या सामन्यात सातव्या इनिंगला ५-० अशी आघाडी होती (सामना नऊ इनिंग्जचा; बरोबरी असली तर पुढेही चालतो). तो जिंकला असता तर तिथेच जेतेपद होतं. तेव्हा हा लाभी अंक कुठे गेला होता? न्यूयॉर्कमध्ये असताना मिळवलेली पाच जेतेपदं १९०५, १९२१, १९२२, १९३३ आणि १९५४ची. त्यातली तीन विषम.

मग २०१०, २०१२, २०१४ असं एकाआड एक कसं आलं? याला जादू लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. न्यूयॉर्क यँकीजने १९९८, १९९९ आणि २००० अशी ओळीने तीन जेतेपदं घेतली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ एकाही संघाला सलग दोन वर्षं जिंकता आलं नाही. आता पाच वर्षांत तीन जेतेपदं बसवा, पण लागोपाठ दोन येऊ देऊ नका. पहिलं, तिसरं, पाचवं. दुसरी मांडणीच होत नाही. सुरुवात २०१०ऐवजी २००९मध्ये झाली असती, तर हाच संदेश 'विषम वर्षांची जादू' म्हणून आपल्या फोनवर आला असता.

एक गोष्ट मात्र संदेशवाल्यांच्या बाजूने आहे, ती दडवत नाही. सम वर्षांत सरासरी ८६.८ विजय आहेत, विषम वर्षांत ७७.४. फरक चांगला नऊ सामन्यांचा. पण तेच दशक मधोमध कापा. पहिल्या पाच वर्षांची सरासरी ८७.२, पुढच्या पाचांची ७७. हा फरक आणखी मोठा आहे, आणि त्याची कारणं दाखवता येतात. संघ वर्षाआड तरुण-म्हातारा होत नव्हता. तो सरळ म्हातारा होत गेला.

"विषम वर्षी सुस्तावायचे"

हा आरोप सगळ्यांत अन्यायाचा. २०११ घ्या. २५ मे रोजी फ्लोरिडाच्या संघाविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये धाव पूर्ण करायला होम प्लेटवर धावत आलेला खेळाडू कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) बस्टर पोझीवर आदळला. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले, हंगाम तिथेच संपला. पोझी आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित, आणि फळीतला सगळ्यांत भरवशाचा फलंदाज. तो गेल्यावर जायंट्सनी त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये (तिथल्या दोन लीगांपैकी त्यांची) सगळ्यांत कमी धावा केल्या. तरीही विजय ८६! जेतेपदाच्या २०१४पेक्षा फक्त दोन कमी. सुस्तावलेला संघ असा नसतो. पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, तो अक्षरशः खांद्यावर वाहिला. पुढच्या वर्षी पोझी परतला, .३३६च्या सरासरीने (हजारात ३३६ वेळा यशस्वी फटका) फलंदाजीत अव्वल आला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा धडकांना आळा घालणारा नियम २०१४पासून आला, त्यामागे त्याच्या पायाचा मोठा हात आहे (वाक्य जरा विचित्र झालं, पण राहू द्या).

२०१३ खरोखर वाईट होतं. ७६ विजय. पण तिथेही आळसापेक्षा थकवा दिसतो. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये तिन्ही फेऱ्यांचा निर्णायक सामना सुरू करायला पिचर मॅट केन उभा होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने 'परफेक्ट गेम' टाकला होता, म्हणजे समोरच्या २७ फलंदाजांपैकी एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नव्हतं. त्यानंतर तो केन पुन्हा दिसला नाही. दुसरा पिचर टिम लिन्सकम, त्याची धार त्याआधीच उतरली होती. पिचरचा खांदा आणि कोपर महिनाभर जास्त राबले की वसुली पुढच्या वर्षी होते, असं मला वाटतं. इतर संघांनाही सलग जिंकता येत नव्हतं, त्याचं एक कारण हेच असावं.

२०१५मध्ये ८४ विजय. फलंदाज हंटर पेन्सचा हात सरावातच मोडला, दुसरा फलंदाज पाब्लो सँडोव्हाल मोठ्या करारावर बॉस्टनला गेला. एवढं पुरे.

"सुमार संघ, नुसतं नशीब"

नशीब होतंच. २०१२च्या पहिल्या फेरीत सिनसिनाटीचा मुख्य पिचर जॉनी क्वेटो आठ चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला. नशीब नाही म्हणणारा माणूस बेसबॉल बघत नसावा. पण त्याच फेरीत जायंट्स घरचे दोन्ही सामने हरले होते, हे संदेशात कधी नसतं. उरलेले तिन्ही सिनसिनाटीत जाऊन जिंकायचे होते, आणि ते जिंकले. पुढच्या फेरीत सेंट लुईसविरुद्ध पुन्हा १-३ असे मागे. पाचव्या सामन्याला चेंडू पिचर बॅरी झीटोच्या हाती.

झीटोबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर्सचा करार आणि त्यामानाने इतकी निराशाजनक कामगिरी, की २०१०च्या बाद फेऱ्यांसाठी त्याला संघातच घेतलं नव्हतं. जेतेपद आलं तेव्हा हा सगळ्यांत महागडा पिचर नुसता बघत होता. दोन वर्षांनी सेंट लुईसमध्ये, हरलो तर घरी अशा सामन्यात, त्याने आठव्या इनिंगपर्यंत धाव दिली नाही. निकाल ५-०. मग ६-१, मग ९-०. शेवटच्या तीन सामन्यांत मिळून २०-१. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यातही झीटोच जिंकला, सँडोव्हालने त्याच सामन्यात तीन होम रन (आपल्या षटकारासारखे) मारले, आणि डेट्रॉइट चार सामन्यांत साफ. ओळीने सहा 'करो या मरो' सामने जिंकून आलेल्या संघाला नशीबवान म्हणा हवं तर. सुमार म्हणायला वेगळं धाडस लागतं.

२०१४चा संघ मात्र तिघांत कमकुवत, हे मान्य. ८८ विजय, गटात दुसरा क्रमांक, वाइल्ड कार्डने (गट न जिंकताही मिळणारा प्रवेश) कसाबसा आत. पण त्यांच्याकडे पिचर मॅडिसन बमगार्नर होता. पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर एकट्याने नऊ इनिंग्ज शून्यावर रोखून त्याने सुरुवात केली. वर्ल्ड सिरीजमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध पहिला सामना जिंकला, पाचव्यात पूर्ण नऊ इनिंग्ज टाकून शून्य धावा दिल्या. पिचरला साधारण चार दिवसांची विश्रांती लागते. हा दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर, २९ ऑक्टोबरला, सातव्या सामन्याच्या पाचव्या इनिंगला पुन्हा उभा राहिला आणि शेवटपर्यंत टाकत राहिला. ६८ चेंडू, पाच इनिंग्ज, धाव नाही. ३-२. त्या मालिकेत २१ इनिंग्जमध्ये त्याने एकच धाव दिली. त्या रात्री वर्ष सम आहे की विषम, हे कॅन्सस सिटीच्या फलंदाजांना विचारायला हवं होतं.

"२०१६ला नशीब फिरलं"

२०१६च्या मध्यावर जायंट्स ५७-३३ होते, सगळ्या बेसबॉलमध्ये अव्वल. उरलेल्या हंगामात ३०-४२. नशीब एका रात्रीत फिरतं; हे अडीच-तीन महिने चाललं होतं आणि रोग उघड होता. आघाडी राखायला शेवटी येणारे बुलपेनचे पिचर ती राखू शकत नव्हते. बाद फेरीत शिकागो कब्ज संघाविरुद्धच्या चौथ्या सामन्यात तेच झालं. पिचर मॅट मूरने आठ इनिंग्ज उत्तम टाकल्या, ५-२ आघाडी. नवव्या इनिंगला बुलपेनमधून एकामागून एक पाच पिचर आणले. चार धावा गेल्या, ६-५, हंगाम संपला. वर्षभर वाजत असलेली धोक्याची घंटा त्या रात्री सगळ्यांना ऐकू आली, एवढंच.

त्याहून खोल कारण खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत आहे, आणि मला तेच सगळ्यांत पटतं. अमेरिकेत तेव्हा नव्या खेळाडूंची निवड साधारण उलट्या क्रमाने व्हायची: जो संघ तळाला, त्याला पहिली पसंती. जायंट्सचे २००५, २००६ आणि २००७ हे हंगाम पडके होते. म्हणून त्यांना २००६मध्ये दहाव्या क्रमांकावर लिन्सकम, २००७मध्ये दहाव्यावर बमगार्नर आणि २००८मध्ये पाचव्यावर पोझी मिळाला. तीन पडक्या वर्षांनी तीन जेतेपदांचा पाया घातला. मग संघ जिंकू लागला, पसंतीचा क्रमांक घसरला. २०११मध्ये निवडलेला जो पॅनिक २०१४मध्ये उपयोगी पडला. त्यानंतरच्या वर्षांतल्या पहिल्या पसंतीच्या खेळाडूंपैकी संघाचा कणा व्हावा असा कुणी निघाला नाही. जुने थकले, मागून कुणी आलं नाही, आणि पोकळी मोठमोठ्या करारांनी भरायचा प्रयत्न झाला. २०१७च्या एप्रिलमध्ये सुट्टीच्या दिवशी डर्ट बाइकवरून पडून बमगार्नरने खांदा दुखावून घेतला, त्याने घसरगुंडीला आणखी वेग दिला. ९८ पराभव, १९८५नंतरची सगळ्यांत वाईट कामगिरी. पुढच्या सम वर्षात, म्हणजे २०१८मध्ये, तोच थकलेला संघ थोडा बरा खेळला आणि तरी ८९ सामने हरला.

या संघाने एका हंगामात सर्वाधिक सामने जिंकले ते २०२१मध्ये: १०७. त्या संघात पोझी होता, ब्रँडन बेल्ट आणि ब्रँडन क्रॉफर्ड होते. तिघेही २०१२ आणि २०१४ जिंकलेले. बाद फेरीत लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्यांना ३-२ असं हरवलं. संदेश पुढे ढकलणाऱ्या कुणी हे विषम वर्ष यादीत घातलेलं मी अजून पाहिलेलं नाही.