तारापूर, शंभर किलोमीटर आणि गाडीची चावी

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. थोडक्यात असा: तारापूरच्या अणुवीज केंद्रात काही झालं की 100 किलोमीटरपर्यंत कोणी वाचत नाही, म्हणून सरकारी सूचनेची वाट न बघता मुलांना शाळेतून उचला, गाडी काढा आणि मुंबई सोडा. निघण्याआधी आयोडीनयुक्त मीठ खा, गळ्याला बेटाडिन लावा. खाली चौतीस जणांचे जोडलेले हात. मी हात जोडले नाहीत, म्हणून हे लिहितेय.

आधी स्फोटाचं. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही, तिच्या इंधनात तेवढं समृद्ध युरेनियमच नसतं. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातले टीव्हीवर जे स्फोट दिसले ते हायड्रोजन वायूचे. धोका असतो तो बाहेर पडून वाऱ्याबरोबर जाणाऱ्या किरणोत्सारी कणांचा आणि वायूंचा, आणि अंतर वाढेल तसे ते विरळ होत जातात.

आता अंतर. तारापूर बोरिवलीपासून सरळ रेषेत 65-70 किलोमीटर, कुलाब्यापासून शंभरेक. आपल्याकडे केंद्राभोवती 16 किलोमीटरचा पट्टा आणीबाणीच्या नियोजनासाठी आखलेला आहे. बोईसर, चिंचणी त्यात येतात, दहिसर नाही. बाहेर काढायचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा असतो आणि तोही सरसकट नाही: पट्ट्याचे भाग पाडलेले असतात, वारा जिकडे वाहतोय तिकडच्या गावांचा विचार आधी.

यावर मजल्यावरच्या काकांचा प्रश्न रास्त होता, “जपानात अमेरिकेने आपल्या लोकांना 80 किलोमीटर लांब राहायला सांगितलं होतं ना?” हो, सांगितलं होतं. आणि चाळीसेक किलोमीटरवरचं इताते गावही रिकामं झालं. पण कसं? मार्च 2011 मध्ये अपघात झाला, मोजमापं झाली, आदेश एप्रिलच्या उत्तरार्धात निघाला आणि निघायला महिनाभराची मुदत मिळाली. सायरन ऐकून गाडीकडे धावणं आणि हे, यात फरक आहे. अपघाताच्या त्या पहिल्या दिवसांत 20 किलोमीटरच्या आतल्यांना बाहेर काढलं, तर 20 ते 30 किलोमीटरवाल्यांना घरातच राहायला सांगितलं होतं.

घाईची किंमतही तिथेच दिसली. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेल्यांपैकी पन्नासच्या आसपास रुग्ण प्रवासात किंवा त्यानंतर लगेच दगावले. किरणोत्साराने नव्हे. तासन् तास बसमध्ये, ना औषध ना सलाईन. नामिए गावचे बरेच लोक समुद्रापासून दूर म्हणून त्सुशिमा भागात गेले, आणि वाऱ्याने किरणोत्सारी कणांचा ढग नेमका त्याच बाजूला नेला. माहिती असूनही वेळेवर त्यांच्यापर्यंत पोचली नाही, हा तिथल्या सरकारचा दोष, आणि तो मी झाकणार नाही. पण डोळे मिटून पळाल्याने तो भरून निघत नाही.

मुंबईत तर पळणार कुठून? दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी, आणि आता अटल सेतू. 26 जुलै 2005 ला बंद गाडीत गुदमरून माणसं गेली, आपल्याच शहरात. गाडीचा पत्रा किरणांना जेमतेम अडवतो, आपली काँक्रीटची भिंत कितीतरी जास्त. शिवाय बोरिवलीहून हायवेला लागून गुजरातकडे निघालात, तर मनोरपर्यंत तुम्ही तारापूरच्याच दिशेने चाललेले असता!

मिठाचं गणित सोपं आहे. किरणोत्सारी आयोडीनपासून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचवायला मोठ्या माणसाला साधारण 100 मिलिग्रॅम आयोडीन एकदम लागतं. आपल्या मिठात ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम धरा, म्हणजे साडेसहा किलोंहून जास्त मीठ खावं लागेल. त्याआधीच रुग्णालय गाठाल. बेटाडिन जखमेसाठी आहे; गळ्याला लावून उपयोग नाही आणि पिणं तर घातक. खऱ्या गोळ्या पोटॅशियम आयोडाइडच्या. त्या फक्त थायरॉइड राखतात, बाकी शरीर नाही, आणि सांगतील तेव्हाच घ्यायच्या.

शाळेचं म्हणाल, तर वर्गात खिडक्या बंद करून बसलेलं पोर, रिक्षाच्या रांगेत उघड्यावर उभ्या असलेल्या पोरापेक्षा सुरक्षित असतं. आई म्हणून गळी उतरणं कठीण आहे, मान्य.

मग घरी काय करायचं? आत या, खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट बंद. आमच्याकडे खरी अडचण स्लायडिंगची नाही, तिच्या फटीत ओला टॉवेल बसतो. अडचण संडासातल्या काचपट्ट्यांच्या खिडकीची, ती कधी बंदच होत नाही. तिथे जुना वर्तमानपत्राचा कागद आणि रुंद चिकटपट्टी. काल लावून बघितलं, दहा मिनिटं लागली. बाहेरून कोणी आलं तर कपडे दारातच उतरवून पिशवीत बांधायचे, मग साबणाने अंघोळ. बरीचशी धूळ कपड्यांबरोबरच जाते. केसांना कंडिशनर नको, तो कण धरून ठेवतो. आत बसायचं ते मधल्या खोलीत, खिडकीपासून लांब. बातम्यांसाठी सेलवरचा रेडिओ, चौकशीला पालिकेचा 1916. फोन उगाच अडवायचा नाही.

आणि निघायचा आदेश आलाच, तर निघायचं, तेव्हा वाद नको. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि चष्मा एका पिशवीत घालून मी दारामागच्या खुंटीला अडकवलाय. त्या रोज विचारतात, कुठे निघालीस म्हणून.