दिवस कुठेही छान जातो, कॅम्पग्राउंड रात्रीसाठी निवडा

फेब्रुवारी संपत आला की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो. "मुलांना आणि आई-बाबांना घेऊन जायचंय, चांगलं कॅम्पग्राउंड सुचवा." उत्तरात धडाधड फोटो येतात. योसेमिटी नॅशनल पार्कातला हाफ डोमचा कडा, तिथली मर्सेड नदी, काडीला मार्शमेलो टोचून बसलेली चिल्लीपिल्ली. सगळे उजेडातले. रात्री दोन वाजताचा फोटो आजवर कोणी टाकलेला नाही.

माझं मत साधं आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलाय. कॅलिफोर्नियात दिवस कुठेही छान जातो. झाडं आहेत, पाणी आहे, चढायला दगड आहेत, मुलं खूश असतात. सहल बिघडते ती रात्री. त्यामुळे फोटो बाजूला ठेवायचे, कॅम्पग्राउंडचा नकाशा उघडायचा आणि बघायचं की आपल्यातल्या ज्याला रात्र सगळ्यात जड जाणार आहे त्याचं इथे निभेल का. तो माणूस म्हणजे कधी चार वर्षांचं पोर असतं, कधी गुडघे धरलेल्या आजी, कधी सीपॅप (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा देणारं विजेवरचं यंत्र) लावून झोपणारे आजोबा. उरलेले सगळे दगडावरही झोपतात.

सुरुवात बाथरूमपासून, लाजायचं काय त्यात. नकाशावर बाथरूमची इमारत दाखवलेली असते. तिथून दोन-तीन साइट, म्हणजे तंबू-गाडीसाठी आखून दिलेल्या जागा, सोडून आपली साइट घ्यावी. अगदी शेजारची नको. तिथे रात्रभर दार आपटतं, फ्लश ऐकू येतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या टॉर्चचा झोत तंबूवर फिरतो. फार लांबची तर नकोच, कारण अंधारात मुळांना ठेचकाळत आजींना हात धरून नेणारी व्यक्ती बहुतेक घरातली सूनच असते. बाथरूम कसलं आहे तेही वाचायचं. फ्लशवालं आहे की खड्ड्यावरचं, ज्याला इथे व्हॉल्ट टॉयलेट म्हणतात? दुसऱ्या प्रकारात पाणी नसतं, दिवा नसतो आणि पाच वर्षांचं मूल त्या काळ्या भोकाकडे बघून ठाम नकार देतं. आंघोळीचं गृहीत धरू नका. योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स या तिन्ही नामांकित कॅम्पग्राउंडमध्ये फ्लश टॉयलेट आहेत, शॉवर नाहीत. आंघोळ करायची तर करी व्हिलेजला जायचं.

थंडीचा अंदाज आपल्या लोकांचा हमखास चुकतो, कारण आपण महिना बघतो आणि उंची बघत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. योसेमिटी व्हॅली 4,000 फुटांवर आहे. त्याच पार्कातलं ट्वालमी मेडोज 8,600 फुटांवर, आणि तिथे ऐन उन्हाळ्यातही पहाटे पारा गोठणबिंदूच्या आसपास जाऊ शकतो. एकाच नावाचं पार्क, एकच आठवडा, पण एका ठिकाणी साधी गोधडी पुरते आणि दुसऱ्या ठिकाणी मुलांना टोपी-मोजे घालून झोपवावं लागतं. समुद्रकिनाऱ्याची गंमत उलटी. हाफ मून बेला जुलैत धुकं असतं, सकाळी तंबू आतून-बाहेरून ओला. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना "कॅलिफोर्नियाचा बीच" ऐकून जे वाटतं, ते तिथे सापडत नाही.

"मग आरव्हीच घेऊ ना, प्रश्नच मिटला!" हे दर वेळी कोणीतरी म्हणतंच. मिटतो, पण सगळा नाही. रात्री दोनच्या बाथरूमचा मिटतो, हे कबूल. आजींना पलंग मिळतो, हेही कबूल. पण आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, आणि घराला वीज-पाणी कुठून तरी यावं लागतं. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत. वीज नाही, पाण्याचं कनेक्शन नाही, सांडपाण्याचं नाही. एसी बॅटरीवर सहसा चालत नाही, त्याला हुकअप लागतो किंवा जनरेटर. तिथे जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत: सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. कॅलिफोर्निया स्टेट पार्क्समध्ये सकाळी 10 ते रात्री 8. म्हणजे रात्री जनरेटर कुठेच नाही, आणि नसावाच. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, त्यामुळे थंड रात्री बॅटरी पहाटे मान टाकू शकते. आणि त्या सीपॅपवाल्या आजोबांचं काय? एक तर वीज असलेली साइट घ्या, नाहीतर वेगळी बॅटरी सोबत न्या. हे बुकिंगच्या आधी ठरवायचं. तिथे पोचल्यावर काही करता येत नाही.

हुकअप असलेली साइट घेतली तर 30 अँप की 50 अँप हे बघा. 30 अँपवर साधारण 3,600 वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि वहिनींचा हेअर ड्रायर एकदम लावला तर ब्रेकर पडणारच. साइटची लांबीही बघा. नकाशावर दिलेली लांबी ही तिथे मावणाऱ्या गाडीची कमाल मर्यादा असते. पहिल्यांदाच आरव्ही चालवणाऱ्याने समोरून आत शिरून समोरूनच बाहेर पडता येईल अशी पुल-थ्रू साइट मिळते का ते आधी शोधावं. पंचवीस फुटी गाडी अंधारात रिव्हर्स घेताना नवरा-बायकोत जे संवाद होतात, ते अख्खं कॅम्पग्राउंड ऐकतं, भाषा कळो न कळो.

आणि शेवटी टाकी रिकामी कोण करणार? संडासाच्या पाण्याची काळी टाकी वेगळी, बेसिन-आंघोळीच्या पाण्याची करडी वेगळी. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे पाइप धुऊन निघतो. साइटवर सांडपाण्याचं कनेक्शन नसेल तर डंप स्टेशनवर गाडी न्यावी लागते, आणि रविवारी सकाळी तिथे रांग असते. हे काम कोणाचं ते घरून निघतानाच ठरवा. माझ्या अनुभवात उत्साहाने आरव्ही ठरवणारा माणूस त्या वेळी नेमका फोनवर असतो.

तंबू आणि आरव्ही दोन्ही असलेल्या जागेत तंबूवाल्यांनी जास्त चौकस असावं. खासगी आरव्ही पार्कांमध्ये पुष्कळदा खडी किंवा डांबर असतं, त्यात तंबूचे खिळे ठोकले जात नाहीत. अनेक खासगी जागा हायवेला लागून असतात, आणि त्यामागे कारण आहे. केओए ही कॅम्पग्राउंडची प्रसिद्ध साखळी 1962 साली मॉन्टाना राज्यात बिलिंग्सला सुरू झाली, ती सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्यांना रात्रीपुरती जागा हवी होती म्हणून. वाटसरूंची सोय हाच मूळ हेतू, मग हायवे जवळ असणं हा गुणच झाला. पण गादीवर झोपलेल्या वाटसरूला जो ट्रक ऐकू येत नाही, तो तंबूतल्या माणसाच्या कानाशी येऊन थांबतो. या जागांना मी नावं ठेवत नाही. लहान मुलं, आजी-आजोबा आणि पहिलीच वेळ असा योग असेल तर स्विमिंग पूल, गरम पाण्याचे शॉवर, पलंग असलेल्या लाकडी केबिन या गोष्टींना मोल आहे. फक्त नकाशावर रस्ता कुठे आहे, रेल्वेरूळ कुठे आहेत ते आधी बघा.

शेजाऱ्यांबद्दल बोलायचं तर आधी स्वतःबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे पवना धरणाच्या काठचं कॅम्पिंग ज्यांनी पाहिलंय, तयार तंबू, बार्बेक्यू, स्पीकरवर गाणी, त्यांना इथलं कॅम्पग्राउंड सामसूम वाटतं. इथे रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, हा नियम आहे आणि तो पाळला जातो. अंताक्षरी "म" वर आलेली असताना रेंजर येऊन उभा राहिला तर त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तंबूच्या कापडाला भिंत समजणारे आपण एकटेच नाही, पण आपण संख्येने जास्त असतो. म्हणूनच सात-आठ कुटुंबांची मंडळछाप सहल मला पटत नाही. योसेमिटीत एका साइटवर सहा माणसं चालतात, स्टेट पार्क्समध्ये आठ. मोठ्या घोळक्याला ग्रुप साइट घ्यावी लागते, आणि पुष्कळ ग्रुप साइट फक्त तंबूंसाठी असतात. मग आरव्हीत झोपणारे आजी-आजोबा दुसऱ्याच टोकाला. तीन कुटुंबं, लागून तीन साधारण साइट, त्यातल्या एकीवर आरव्ही. याहून मोठा पसारा करायचा असेल तर एखाद्या पार्कात दिवसाची पिकनिक करा, सगळे रात्री घरी झोपतील.

साइट शक्यतो लूपच्या, म्हणजे साइटना जोडणाऱ्या गोल रस्त्याच्या, बाहेरच्या बाजूची घ्या, पाठीला झाडं येतात. वळणावरची टाळा, उशिरा येणाऱ्या प्रत्येक गाडीचे हेडलाइट थेट तोंडावर. नदीकाठची साइट सगळ्यांना हवी असते. मोठ्यांनी खुशाल घ्यावी, पण रांगतं-धावतं मूल असेल तर मे-जूनमध्ये मी घेणार नाही. सिएरा पर्वतरांगेतलं बर्फ वितळून नदी तेव्हा भरून आणि जोरात वाहते, पाणी बर्फाचंच, आणि पहाटे साडेपाचला तंबूची चेन उघडून पहिलं बाहेर पडणारं माणूस घरातलं सगळ्यात लहान असतं.

अस्वलांविषयी दोन शब्द, कारण यावर आपल्याकडे एक तर थट्टा होते नाहीतर घबराट. कॅलिफोर्नियात ब्लॅक बेअर आहेत, त्यांना तुमच्यात रस नाही, डब्यात आहे. योसेमिटीत प्रत्येक साइटवर लोखंडी लॉकर असतो आणि वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात ठेवणं सक्तीचं आहे. रात्री गाडीत खाणं ठेवायला बंदी, अस्वल गाडीचं दार वाकवून उघडतं. वास येणारी म्हणजे टूथपेस्ट, साबण, बाळाचे वाइप्ससुद्धा. आता आपल्या पिशव्यांचा विचार करा. गोडा मसाला, हिंग, लसणाची चटणी, लोणचं! तेव्हा लॉकरचं माप वेबसाइटवर बघून त्यात मावेल एवढंच न्या. जेवण सुटसुटीत ठेवा. नळाखाली भांडी घासायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, कढई-परातीचा घाट घातलात तर सगळी संध्याकाळ भांड्यांत जाते. आणि सकाळच्या चहासाठी गॅसची शेगडी हवीच. योसेमिटी व्हॅलीत मे ते सप्टेंबर शेकोटी फक्त संध्याकाळी 5 ते रात्री 10 या वेळात पेटवता येते. कितीही थंडी असली तरी ती शेगडी किंवा निखारे तंबूच्या आत न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

एवढं सगळं बघून मी काय सुचवते? पहिल्या वेळेला योसेमिटी नाही. शिव्या द्या हवं तर. तिथलं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. मिळेल ती साइट घ्यावी लागते, म्हणजे वर सांगितलेलं काहीच बघायला वाव उरत नाही.

मी पिनॅकल्स सुचवते. 2013 साली ते नॅशनल पार्क झालं. कॅम्पग्राउंड एकच, तंबू, आरव्ही आणि ग्रुप तिन्हींसाठी. बहुतेक आरव्ही साइटवर वीज आहे, म्हणजे सीपॅपचा प्रश्न सुटला. उन्हाळ्याच्या मोसमात स्विमिंग पूल. आकाशात कॅलिफोर्निया काँडोर हे भलंमोठं गिधाड दिसण्याची चांगली शक्यता. मात्र कॅम्पग्राउंड पूर्वेच्या बाजूला आहे आणि पूर्व-पश्चिम जोडणारा रस्ता पार्कातून नाही. फोनने पश्चिमेच्या गेटवर नेऊन सोडलं तर लांबचा वळसा पडतो, तेव्हा पत्ता नीट टाका. एप्रिलमध्ये जा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो, तेव्हा नको.

उन्हाळ्यातच सुट्टी असेल तर हायवे 4 वरचं कॅलाव्हेरस बिग ट्रीज हे स्टेट पार्क. नॉर्थ ग्रोव्ह कॅम्पग्राउंडच्या शेजारीच सिक्वोया या महाकाय झाडांमधली सोपी, सपाट पायवाट आहे, आजींना गाडीत बसावंच लागत नाही. तिथे हुकअप नाहीत. उंची 4,700 फुटांच्या आसपास, म्हणजे रात्री स्वेटर. स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी सकाळी 8 वाजता उघडतं. शनिवार गेला असेल तर मंगळवार-बुधवार बघा, आणि तारीख जवळ आली की रद्द झालेल्या साइट पुन्हा दिसायला लागतात, तेव्हा रोज एकदा डोकवा. साइट नंबर पक्का करण्याआधी नकाशा आई-बाबांना एकदा दाखवा. "बाथरूम कुठंय गं?" हे ते स्वतःच विचारतील.