पश्चिमेची भिंत

मे महिन्यात रात्री अकरा वाजता आमच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला, तर तो तिथं ठेववत नाही. बाहेर वारं सुटलेलं असतं, पण भिंत दिवसभर प्यायलेलं ऊन घरात सोडत असते. सासूबाई उशी घेऊन हॉलमध्ये फरशीवर झोपतात. पुण्यात वाकडमधलं, शेवटच्या मजल्यावरचं, चार वर्षांपूर्वी घेतलेलं घर. कर्जाचे हप्ते अजून सोळा वर्षं आहेत.

माझं लहानपण शुक्रवार पेठेतल्या वाड्यात गेलं. जाड भिंती, वर माळा; भर मे महिन्यात माजघरात दुपारी पंख्याशिवाय झोप लागायची. परत वाड्यात जाऊन राहू, असं माझं म्हणणं नाही. पण भिंत कशाची आहे याने काय फरक पडतो, हे मला अंगाने कळलंय.

आमची भिंत विटांची नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओतलेलं सलग काँक्रीट आहे. काम झपाट्याने उरकतं, म्हणून मोठ्या टॉवरमध्ये आता बरेचदा हेच असतं. विटांऐवजी वापरतात त्या हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकपेक्षा काँक्रीटमधून उष्णता कितीतरी पट सहज आत येते. त्यात आमच्या खिडक्यांवर छज्जा नाही. बुकिंगच्या वेळी क्लबहाऊसपासून किचनच्या ट्रॉल्यांपर्यंत सगळं दाखवलं. भिंतीबद्दल आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची ‘इको निवास संहिता’ 2018 पासून आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा एक आकडा काढायचा, त्याला ‘आरईटीव्ही’ म्हणतात, आणि आपल्यासारख्या हवामानात तो दर चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जाता कामा नये. छतासाठी मर्यादा वेगळी. खिडकीचा उघडणारा भाग किती असावा, तेही ठरवलेलं आहे. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त होऊन राहत्या इमारतीही त्यात आल्या, 2024 मध्ये संहिता सुधारली.

मला एवढंच हवंय की नकाशा मंजूर करताना हा आकडा तपासावा आणि तो बसत नसेल तर बांधकाम सुरू करायची परवानगीच देऊ नये. आणि तो गिऱ्हाईकालाही दिसावा. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. तिथंच हा आकडाही टाका. एसी घेताना आपण तारे मोजतो, मग जन्माची कमाई घालून घेतलेल्या घराबद्दल एवढंही कळू नये?

घरं महागतील, असं लगेच म्हटलं जाईल. आम्ही दोन एसी घेतले, त्यांचं बिल दर उन्हाळ्यात भरतो, तो खर्च कुणी धरायचा? गच्चीला पांढरा रंग लावून घेता येतो, सोसायटीने यंदा लावलाही. काँक्रीटची भिंत मात्र एकदा ओतली की पुढची पन्नास वर्षं तशीच.

आमच्या समोर नवा टॉवर चढतोय. त्याच्याही पश्चिमेला सरळसोट काँक्रीटची भिंत आहे, खिडक्यांवर छज्जा नाही. काल सातव्या मजल्याचा स्लॅब ओतला.