‘देअर’ आणि सब्जेक्ट : ‘व्याकरणप्रेमी’ यांना उत्तर

नमस्कार ‘व्याकरणप्रेमी’,

इंग्रजी वाक्यातले सब्जेक्ट (उद्देश्य) आणि प्रेडिकेट (विधेय) कसे ओळखायचे, या माझ्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. त्यातला पहिला असा : ‘देअर आर टू बुक्स ऑन द टेबल’मध्ये ‘देअर’ हाच सब्जेक्ट आहे, ‘टू बुक्स’ नव्हे, एवढंही ज्यांना कळत नाही त्यांनी शिकवण्याच्या फंदात पडू नये. मतभेद मी आनंदाने ऐकतो. पण टोपणनावाआड बसून शिक्षकाची लायकी काढायची ही कुठली रीत? मुद्दा तुमच्याकडे होता, तो नीट शब्दांत मांडला असतात तर त्याचं वजन काही कमी झालं नसतं.

तुमचा आधार मला ठाऊक आहे. प्रश्न करताना ‘आर देअर टू बुक्स?’ होतं, शेवटी ‘आरन्ट देअर?’ लागतं, म्हणजे सब्जेक्टच्या जागी ‘देअर’ बसलेला आहे. ठीक. मग ‘इज’ की ‘आर’ हे कोण ठरवतं? ‘देअर इज अ बुक’, ‘देअर आर टू बुक्स’. ‘देअर’ जागचा हलला नाही, पुस्तकं वाढली आणि क्रियापद बदललं. बोलताना इंग्रज सर्रास ‘देअर्ज टू बुक्स’ म्हणतात, पण ते उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातात. भाषातज्ज्ञ रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांनी १९८५च्या आपल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात ‘देअर’ला व्याकरणाच्या दृष्टीने सब्जेक्ट मानलं आणि पुढच्या नामाला अर्थाच्या दृष्टीने सब्जेक्ट म्हटलं. दोन्ही बाजू त्यांनी जपल्या. तुम्ही एक उचललीत आणि दुसरी मांडणाऱ्याला अडाणी ठरवलंत.

आणि तो लेख कुणासाठी होता? मराठी माध्यमाच्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी. ‘रामने आंबा खाल्ला, रामने पोळी खाल्ली’ असं बोलत ही मुलं वाढलेली असतात. तिथे क्रियापद रामकडे बघतच नाही, आंब्या-पोळीप्रमाणे बदलतं. इंग्रजीत ते सब्जेक्टला धरून चालतं, ही सवय त्यांना नव्याने लावावी लागते. म्हणून मी सांगतो : आधी क्रियापद पकडा, त्याला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा, उत्तरात आलेल्या शब्दांतलं मुख्य नाम शोधा. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी’मध्ये जड काय आहे? खोकं. हे कळलं की शेजारच्या ‘मँगोज’ला भुलून मूल ‘आर’ लिहीत नाही. त्याच मुलाला ‘देअर’ सब्जेक्ट म्हणून शिकवलंत, तर ‘इज-आर’ कशावरून ठरवायचं ते त्याला कोण सांगणार? तुम्ही?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. माझ्या पिढीने एबीसीडी गिरवली ती पाचवीत. पहिलं दिसेल ते नाम म्हणजे सब्जेक्ट, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि ‘ऑन द वॉल हँग्ज अ क्लॉक’सारख्या वाक्यात भिंतीलाच सब्जेक्ट समजून मी कॉलेजपर्यंत ठेचकाळत राहिलो. पुढे तालुक्याच्या गावी शिकवताना समोरची मुलं तिथेच अडकताना पाहिली. मुलं कुठे अडतात, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

आज्ञार्थी वाक्यांना मी एकच ओळ दिली, ही तुमची तक्रार रास्त आहे. ‘सिट डाऊन’मध्ये ‘यू’ अध्याहृत असतो, हे सविस्तर यायला हवं होतं. प्रेडिकेटमध्ये कर्म आणि पूरक येतात हे मी लिहिलंच नाही म्हणता. ते तिसऱ्या परिच्छेदात आहे, वाचून लिहायचं होतं. उद्देश्य-विधेय शिकवणंच कालबाह्य झालंय, या विधानावर मी वेळ घालवणार नाही.

आज्ञार्थी वाक्यांचा भाग या आठवड्यात वाढवतो. ‘देअर’चा परिच्छेद आहे तसाच राहील. त्यावर पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त स्वतःच्या नावाने लिहा.