जंतू आतड्यातच राहतो, विष मात्र राहत नाही

‘रक्त पडणारे जुलाब हा पोटापुरता आजार असतो, जंतू आतड्याबाहेर जात नाहीत, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्याव्यात आणि जुलाब थांबले की निर्धास्त व्हावे’, अशा आशयाचा सल्ला मोबाइलवरून सर्रास फिरत असतो. त्यातले एक विधान बरेचसे खरे आहे आणि बाकीच्या चुका त्याच्याच आडोशाने खपून जातात, म्हणून सुरुवात त्या विधानापासून करतो.

रक्ती जुलाबांना कारणीभूत ठरणाऱ्या जंतूंपैकी एक म्हणजे ई. कोलाय या आतड्यातील जंतूचा ओ१५७:एच७ हा प्रकार. त्याची बाधा झालेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू शोधले, तर ते सहसा सापडत नाहीत. परंतु त्या जंतूने तयार केलेले विष आतड्याच्या अस्तरातून रक्तात उतरते. कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमधील आमांशाच्या साथीत जो जंतू शोधला, त्याच्या विषाशी याचे जवळचे नाते असल्यामुळे त्यालाही शिगा विष म्हणतात. या विषाचा पाच घटकांचा एक भाग रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींवर असलेल्या जीबी३ या रेणूला चिकटतो आणि पेशी स्वतःच ते विष आत ओढून घेते. मग त्याचा दुसरा भाग रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेच्या, आरएनएमधील अॅडेनिन नावाचा नेमका एक घटक छाटतो आणि तेवढ्याने प्रथिननिर्मिती बंद पडते. दुखावलेल्या अस्तरावर बारीक गुठळ्या साचतात, त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खर्ची पडतात, आणि अरुंद झालेल्या वाहिन्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांमध्ये जीबी३ भरपूर असल्याने तिथे घाव मोठा बसतो. या गुंतागुंतीला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. (गायीगुरांच्या आतड्यातील वाहिन्यांवर हा रेणू नसतो, त्यामुळे शेणातून हा जंतू पसरवणारे जनावर स्वतः ठणठणीत दिसते.)

आता गोळ्यांविषयी. हे विष बनवण्याची जनुके मुळात जंतूमध्ये दडून बसलेल्या एका विषाणूची असतात. काही प्रतिजैविकांनी जंतूच्या डीएनएला इजा झाली की तो विषाणू जागा होतो, वाढतो, जंतूला फोडतो आणि विष एकदम मोकळे होते. अमेरिकेतील मुलांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिजैविके दिलेल्यांमध्ये या गुंतागुंतीचा धोका अधिक आढळला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांचे त्यावर एकमत नाही, तरीही या संसर्गात डॉक्टर ती सहसा टाळतात. शिगेलाच्या, म्हणजे शिगा यांनी शोधलेल्या जंतूच्या गटाच्या, आमांशात मात्र योग्य प्रतिजैविक वेळेवर देणे आवश्यक असते. दोन्ही आजारांत शौचातून रक्तच पडते. जंतू कोणता, हे शौचाच्या तपासणीवाचून घरबसल्या ठरवता येत नाही. जुलाब दाबणारी गोळी तर अशा वेळी घेऊच नये.

‘जुलाब थांबले म्हणजे सुटलो’ हा भाग मला सर्वांत घातक वाटतो. ओ१५७ची बाधा झालेल्या मुलांपैकी साधारण ५ ते १५ टक्क्यांमध्ये ही गुंतागुंत होते आणि ती बहुधा जुलाब सुरू झाल्यानंतर आठवड्याभराने, म्हणजे पोट सुधारू लागलेले असतानाच, उघडी पडते. लघवी कमी होणे, चेहरा पांढुरका पडणे, सूज, गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

हा गोमांस खाणाऱ्यांचा परदेशी आजार आहे, अशी पुस्तीही काही जण जोडतात. अमेरिकेतील १९९३ची साथ हॅम्बर्गरमधून पसरली हे खरे. पण २०११ मध्ये जर्मनीत ओ१०४:एच४ या प्रकाराने ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, आठशेहून अधिक जणांना ही गुंतागुंत झाली आणि पन्नासहून अधिक दगावले, तेव्हा आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि अखेर माग लागला तो मोड आलेल्या मेथीचा. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. नीट शिजवलेल्या उसळीत ते मरतात; कच्च्या मोडांच्या कोशिंबिरीत मात्र, मोड कितीही धुतले तरी, ते शिल्लक राहू शकतात.